डोळा दुखतोय म्हणजे नक्की काय दुखतंय? (आईचं "पित्त" आणि आमचे गेलेले आठ तास)

सिंहगडरोडवाली | सोमवार, रात्री ११.२०

लांब लिहिणार आहे पण पूर्ण वाचा, विशेषतः घरात पन्नाशी-साठीच्या पुढची आई, सासू, आत्या कोणी असेल तर.

गेल्या गुरुवारची गोष्ट. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको, त्यात आभाळ भरून आलेलं, घरात भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. आई (वय ६३) खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. दोन दिवस सर्दी होती म्हणून मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. चारच्या सुमारास म्हणाली उजवी भुवई ठणकतेय. मग कपाळ, मग डोळ्याच्या मागे, मग अर्धं डोकं. पाचला उलटी झाली. आणि उलटी झाली म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, पित्त. सकाळी शिळी पोळी खाल्ली होती, ते कारणही लगेच सापडलं. आलेपाक दिला, सूतशेखर दिली, कोकम सरबत दिलं आणि पडदे ओढून अंधारात झोपवलं.

सहाला लाईट आली तेव्हा ती म्हणाली, "अगं ट्यूबभोवती रंगीत कडं दिसतंय, इंद्रधनुष्यासारखं." मी म्हटलं, आई तू डोळे चोळलेस म्हणून दिसतंय. हे वाक्य मला गेले चार दिवस झोपू देत नाहीये.

सातला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बीपी बघितलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं, उद्या बरं वाटेल म्हणाले. डोळ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, आम्ही "डोकं दुखतंय आणि उलट्या होतायत" एवढंच सांगितलं. रात्री अकराला तिला पाणी द्यायला गेले तर ती उजवा डोळा तळहाताने दाबून बसली होती. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. डोळा लालभडक, आणि बुबुळ असं दिसत होतं की आंघोळीनंतर बाथरूमच्या आरशावर वाफ धरते ना, तसं. बाहुली मोठी झालेली, टॉर्च मारला तरी लहान होईना. डाव्या डोळ्याची पटकन लहान झाली. मी तिच्यासमोर बोटं धरली, तिला उजव्या डोळ्याने मोजता आली नाहीत.

बाराला कॅज्युअल्टीत पोचलो. डोळ्याचा दाब मोजला, ५८. नॉर्मल १० ते २१ असतो असं तिथे कळलं. लगेच थेंब, गोळ्या, सलाईनमधून मॅनिटॉल. पहाटे चारला ३० वर आला, आणि आई म्हणाली आता कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवलं. दुसऱ्या दिवशी लेझर केलं. अँगल क्लोजर ग्लॉकोमाचा अटॅक, आपल्या भाषेत काचबिंदू.

आमच्या घरात "डोळा दुखतोय" हा एकच शब्दप्रयोग आहे, रांजणवाडीलाही तोच आणि ह्यालाही तोच. कोणत्या दुखण्याला थांबायचं आणि कोणत्या दुखण्याला रात्री रिक्षा शोधायची हे कसं ओळखायचं, जाणकारांनी प्लीज लिहा.

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ११.४१

बाप रे. काकू आता कशा आहेत? दिसतंय का?

सिंहगडरोडवाली | सोमवार, रात्री ११.४५

दिसतंय पण अजून दुधी काचेतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले सूज उतरू दे, मग कळेल किती वाचलंय.

भिंग आणि बाहुली | मंगळवार, सकाळी ७.०५

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, ओपीडीच्या आधी लिहितोय, म्हणून चुका पोटात घाला.

ताई, आधी एक सांगतो. ह्या आजाराचा पेशंट पित्त, अर्धशिशी, बीपी अशा नावांनी आधी दुसरीकडे जाऊन आमच्याकडे येतो हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. तुमचं काही वेगळं चुकलेलं नाही. डोळ्याचा दाब एकदम वाढला की मळमळ-उलटी होतेच, आणि उलटी झाली की घरातले काय, डॉक्टरसुद्धा पोटाकडे बघायला लागतात.

होतं काय तर डोळ्याच्या आत सतत एक पातळ पाणी तयार होत असतं आणि कडेच्या एका बारीक जाळीतून ते बाहेर जातं. ती जाळी असते कॉर्निया, म्हणजे समोरची पारदर्शक काच, आणि रंगीत पडदा ह्यांच्यामधल्या कोपऱ्यात. नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबली तर मोरी भरणारच, तसंच. वयाबरोबर आतलं भिंग जाड होतं आणि पडद्याला पुढे ढकलतं. ज्यांचे डोळे मुळात लहान, म्हणजे लांबचा प्लस नंबर आहे, त्यांचा कोपरा आधीच अरुंद. बायकांमध्ये हे जास्त, आणि आपल्या आशियाई लोकांत युरोपियन लोकांपेक्षा जास्त. अंधारात बाहुली अर्धवट मोठी होते, पडद्याची घडी कोपऱ्यात जमते आणि जाळी बंद. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधली औषधंही बाहुली मोठी करतात. तुमच्या आईच्या बाबतीत भरलेलं आभाळ, गेलेली लाईट आणि सर्दीची गोळी तिन्ही एका दुपारी जमली. त्यांना प्लस नंबर आहे का? असणार असं वाटतंय.

रंगीत कडं दिसतं ते कॉर्नियात पाणी भरून ती सुजते म्हणून. आणि अंधारात झोपवल्याने फायदा होत नाही, बाहुली अजून मोठी राहते. पण हे कोणाला माहीत असणार!

आता तुमचा मूळ प्रश्न. दुखतंय कुठे ह्यावर फार भरवसा ठेवू नका. चेहऱ्याच्या एकाच मोठ्या नसेची वरची फांदी डोळा, वरची पापणी, भुवई, कपाळ आणि नाकाचा शेंडा अशा सगळ्यांची खबर मेंदूकडे नेते. म्हणून सायनस भरला तरी डोळा दुखतो आणि डोळ्याचा दाब वाढला तरी भुवई ठणकते. दुखण्यासोबत काय आहे ते बघा. एक-एक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावा. दुखणाऱ्या डोळ्याने कमी दिसत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. डोळा लाल आणि उलटी, दिव्याभोवती कडी, एक बाहुली मोठी, उजेड अजिबात सहन न होणं, मार लागलेला, केमिकल उडालेलं, ह्यातलं काहीही असलं तरी त्याच रात्री निघायचं. केमिकल, चुना, फिनाईल उडालं तर मात्र आधी तिथल्या तिथे साध्या पाण्याने निदान १५-२० मिनिटं धुवायचं आणि मग निघायचं.

हिंजवडी फेज तीन | मंगळवार, सकाळी १०.५०

डॉक्टर, माझं एवढं भयंकर नाही पण रोजचं आहे. संध्याकाळी चारनंतर दोन्ही डोळ्यांत जळजळ, कधी खुपल्यासारखं, मध्येच पाणी येतं, कपाळ जड. ऑफिसमध्ये एसीचा झोत बरोबर तोंडावर. सायनस आहे असं समजून वाफ घेतोय तीन महिने. बाईकवरून घरी येईपर्यंत वाकडच्या ट्रॅफिकमध्ये डोळे उघडे ठेवणं अवघड होतं.

भिंग आणि बाहुली | मंगळवार, दुपारी २.३०

आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, स्क्रीनपुढे ते निम्म्याहून खाली येतं, म्हणून अश्रूंचा थर वाळतो. कोरडा डोळा पाणावतो हे लोकांना पटत नाही, पण तसंच होतं, कोरडेपणाने टोचतं आणि मग डोळा पाण्याचा लोंढा सोडतो. एसीचा झोत वळवा, स्क्रीन डोळ्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली घ्या, दर २० मिनिटांनी लांब बघा आणि मुद्दाम पूर्ण पापणी मिटा. हेल्मेटची काच खाली ठेवूनच चालवा. आणि चाळिशीच्या जवळ असाल तर नंबर तपासून घ्या, जवळचा चष्मा लागलेला असतो आणि माणूस वर्षभर कपाळाला बाम चोळत बसतो.

एमआयडीसी भोसरी | मंगळवार, रात्री ९.१५

आमच्याकडचं दुखणं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. वेल्डिंगचा फटका दिवसा कळत नाही. हेल्पर पोरगा नुसता जॉब धरून उभा असतो, काच घेत नाही, म्हणतो दादा मी कुठे वेल्डिंग करतोय. घरी जातो, जेवतो, झोपतो आणि रात्री एक-दोनला डोळ्यात कोणी मूठभर वाळू टाकल्यासारखा उठतो, डोळे उघडत नाहीत, पाण्याच्या धारा. माझ्या वडिलांच्या वेळी बटाट्याची चकती ठेवायचे, कोणी दूध घालायचं.

दुसरं म्हणजे ग्राइंडरचा कण. आमच्यात एक "एक्सपर्ट" असायचा, रुमालाचं टोक नाहीतर काडी घेऊन बुबुळावरचा कण काढायचा. मी स्वतः १९ वर्षांचा असताना काढून घेतलाय. त्या जागी पांढरा डाग आहे अजून, रात्री समोरून गाडी आली की त्या डोळ्याला दिवा फुटल्यासारखा दिसतो. आता शेडमध्ये बंद बाजूंचे गॉगल सक्तीचे केलेत, पण पोरं गॉगल कपाळावर चढवतात. रोज ओरडतो.

भिंग आणि बाहुली | मंगळवार, रात्री १०.४०

दादा, खूप महत्त्वाचं लिहिलंत. वेल्डिंगच्या प्रकाशातल्या अल्ट्राव्हायोलेटने कॉर्नियाचा वरचा थर भाजतो आणि दुखणं ६ ते १२ तासांनी सुरू होतं. कॉर्नियात नसा एवढ्या दाट असतात की कातडीवर कळणारही नाही एवढ्या ओरखड्याने माणूस लोळतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येतं. चकती बंद पापणीवर गार लागते तेवढंच, डोळ्याच्या आत दूध, मध, गुलाबपाणी काहीही नको. आणि बधिर करायचे थेंब कोणी घरी देत असेल तर घेऊ नका. क्षणात दुखायचं थांबतं म्हणून पेशंट परत परत टाकतो, जखम भरत नाही आणि कॉर्निया वितळायला लागते.

लोखंडाचा कण डोळ्यात एखाद्या दिवसातच गंज सोडतो. तो सूक्ष्मदर्शकाखालीच काढायचा, आणि हातोडी-छिन्नीचं काम करताना काही उडालं असेल तर थोडंसं दुखत असलं तरी दाखवायचं, कण आत घुसलेला असू शकतो. डोळा चोळायचा किंवा दाबायचा नाही.

चष्मेवाली | बुधवार, सकाळी ११.००

मला गेली दहा वर्षं "सायनस" होता. डाव्या भुवईच्या वर आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात दुखायचं, महिन्यातून तीन-चारदा, वास सहन व्हायचे नाहीत, शेजारी फोडणी पडली तरी मळमळायचं. वाफ, काढे, अँटिबायोटिकचे चार कोर्स. शेवटी एका कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी स्कॅन समोर धरून सांगितलं की सायनस एकदम स्वच्छ आहेत, तुमची अर्धशिशी आहे. त्यांनी विचारलेले प्रश्न सांगते. नाक चोंदतं का, घट्ट पिवळा शेंबूड येतो का, ताप, वास न येणं? मला ह्यातलं काहीच नव्हतं. वाकल्यावर ठणकतं हे होतं, पण ते अर्धशिशीतही होतं म्हणाले. आता योग्य औषधावर आहे आणि महिन्यातून एखाद्या वेळीच येतं.

कात्रज घाट | बुधवार, दुपारी १.२०

माझ्या मोठ्या भावाला वेगळंच आहे, रोज रात्री ठरलेल्या वेळी, दीडच्या आसपास, एकाच डोळ्यात तापलेली सळई घातल्यासारखं. तोच डोळा लाल, पाणी, पापणी उतरते, त्याच बाजूचं नाक गळतं. साधारण तासभर. त्या वेळात तो बसू शकत नाही, घरभर येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. असे दीड-दोन महिने आणि मग वर्षभर काही नाही. घरच्यांना वाटायचं बाहेरचं काहीतरी आहे. न्यूरोलॉजिस्टनी क्लस्टर हेडेक सांगितलं. अर्धशिशीवाला माणूस अंधारात निपचित पडतो, हा माणूस स्थिर राहूच शकत नाही, हा फरक त्यांनी समजावला. अटॅक आला की मास्कने ऑक्सिजन देतात, पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. सिलिंडर आता घरीच आहे.

सासवड रस्ता | बुधवार, रात्री ८.१०

माझ्या वडिलांना आधी तीन दिवस कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागात आग व्हायची, केसातून कंगवा फिरवला तरी कळ. मग पाण्याने भरलेले फोड, भुवई, पापणी, नाकाच्या टोकावर दोन. गावाकडचे म्हणाले नागीण आहे, गेरू लावा, दोन तोंडं जुळली की माणूस जातो. वडील त्या भीतीनेच अर्धे झाले. गेरू लावण्यात चार दिवस गेले. नंतर कळलं की लहानपणीच्या कांजिण्यांचाच व्हायरस नसेत दबून बसलेला असतो आणि एका बाजूच्या नसेतून वर येतो, त्यामुळे ती सहसा मधली रेघ ओलांडतच नाही. गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो म्हणे. आणि नाकाच्या टोकावर फोड म्हणजे डोळ्यातही उतरण्याची शक्यता जास्त, कारण नस तीच. वडिलांच्या डोळ्यात उतरली होती. आज दोन वर्षं झाली, कपाळाला वारा लागला तरी कळ येते त्यांना.

लालपरी | बुधवार, रात्री ११.५५

हा धागा वाचून विचारतेय. मी २६. चार दिवस डावा डोळा फिरवला की मागे दुखतं, सरळ बघितलं तर नाही. लाल नाही, पाणी नाही, काही नाही. रूममेट म्हणाली स्ट्रेन आहे. पण वर डॉक्टरांनी लिहिलंय तसं एक डोळा झाकून बघितलं तर समोरची लाल बादली डाव्या डोळ्याला विटकरी, धुतल्यासारखी फिकी दिसतेय. हे काही आहे का?

भिंग आणि बाहुली | गुरुवार, सकाळी ६.१५

मी इथून निदान करत नाही, पण आज ऑफिसला जाऊ नकोस, सकाळीच नेत्रतज्ज्ञांकडे जा. त्यांना हीच दोन वाक्यं सांग, डोळा फिरवल्यावर दुखतं आणि लाल रंग फिका दिसतो. डोळ्याच्या नसेला सूज आली तर असं होतं. स्वतः गाडी चालवू नकोस, कोणालातरी सोबत घे. जवळचं कोणी नसेल तर ससूनला नेत्रविभाग आहे, मोहम्मदवाडीला देसाई नेत्र रुग्णालय आहे.

सदाशिव पेठेतला | गुरुवार, सकाळी ९.३०

डॉक्टर, डोळे आले की आम्ही सरळ मेडिकलमधून थेंब आणतो. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीकडे साथ आली तेव्हा आमच्या अख्ख्या वाड्याने एकाच बाटलीतून टाकले होते. चूक होतं का?

भिंग आणि बाहुली | गुरुवार, दुपारी ३.१०

एक बाटली सगळ्यांनी वापरली की साथ घरातल्या घरात फिरते, हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. मेडिकलवाल्याकडून मिळणाऱ्या थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. लाली पटकन उतरते म्हणून लोकांना ते आवडतं. पण कॉर्नियावर नागिणीसारख्याच दुसऱ्या हर्पीसची किंवा बुरशीची जखम असेल तर स्टिरॉइडने ती पसरते, आणि महिनोन्महिने टाकत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, तोही न दुखता. डोळे आले असतील तर खाज, चिकटा, खुपणं असतं, खोल दुखणं नसतं आणि चिकटा पुसला की स्वच्छ दिसतं. खोल दुखत असेल किंवा दिसत नसेल तर ते "डोळे येणं" नाही.

लेन्स लावणाऱ्या मुलामुलींनी तर डोळा लाल होऊन दुखला की लगेच लेन्स काढायची आणि डबीसकट घेऊन यायची, आम्हाला त्यातून तपासणी करता येते. नळाच्या पाण्याने लेन्स धुवायची नाही, लावून पोहायचं नाही. नळाच्या पाण्यातला एक अमीबा कॉर्नियात शिरतो आणि बरा व्हायला महिने घेतो.

पर्वतीपायथा | गुरुवार, सायंकाळी ५.००

माझ्या पुतण्याला सर्दीनंतर पापणी सुजली, ताप, डोळा फिरवता येईना, थोडा पुढे आल्यासारखा दिसत होता. आम्हाला वाटलं काहीतरी चावलं. बालरोगतज्ज्ञांनी बघितल्या बघितल्या अ‍ॅडमिट करून घेतलं, सायनसचं इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत उतरलं होतं. लहान मुलांच्या आईवडिलांनी लक्षात ठेवा म्हणून लिहिलं.

भिंग आणि बाहुली | गुरुवार, रात्री ११.००

हो, हे त्याच दिवशी अ‍ॅडमिट करण्याचंच. आणि एक उलटी बाजू सांगतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याला दुखण्याची नसच नाही. मिरवणुकीतला लेझर डोळ्यात गेला, ग्रहण उघड्या डोळ्याने बघितलं, पडदा सुटला, ह्यातलं काहीच दुखत नाही. मधे काळा डाग, विजा चमकल्यासारखं, कडेने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका.

लालपरी | शनिवार, सकाळी १०.१५

अपडेट. नसेला सूजच निघाली. एमआरआय झाला, काल सलाईनमधून स्टिरॉइडचा पहिला डोस झाला, अजून दोन आहेत. डॉक्टर म्हणाले नजर बहुतेक जणांची बऱ्यापैकी परत येते, पण न्यूरोलॉजिस्टकडे पुढचा फॉलोअप ठेवायचाच. आई सोलापूरहून आलीय. मी घाबरले आहे पण बादलीचं कळलं नसतं तर अजून आठवडा स्ट्रेन म्हणून काढला असता.

सिंहगडरोडवाली | शनिवार, दुपारी १२.४०

लालपरी, तुझा मेसेज दोनदा वाचला. काही लागलं तर मेसेज कर, मी पुण्यातच आहे, डबा पोचवायचा असेल तरी सांग.

डॉक्टर, हो, आईला प्लस अडीच नंबर आहे, वीस वर्षं. कोणी कधी कोपरा तपासायला सांगितलं नव्हतं, नुसता नंबर काढून चष्मा करायचो. काल तपासणी झाली, उजव्याचा दाब १६, डाव्याचा १४. उजव्या डोळ्याला नाकाकडच्या बाजूचं थोडं कमी दिसतं, ते आता परत येणार नाही असं सांगितलं. चहाचा कप त्या बाजूला ठेवला तर तिचा हात चुकतो, म्हणून आम्ही आता सगळं उजवीकडे ठेवतो.

डाव्या डोळ्यालाही काल लेझर करून घेतलं. तोही कोपरा तसाच अरुंद होता. बरेच जण मेसेजमध्ये विचारतायत म्हणून लिहिते, अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही, थेंब टाकून मशीनवर हनुवटी टेकवून बसायचं, पुढच्या रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडतात म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. दहाएक मिनिटं लागली. आईला दोन-तीनदा टिचकी मारल्यासारखं वाटलं. दाब परत बघायला तासभर बसवलं आणि घरी सोडलं.

आत्या ६०ची आहे, तिलाही जाड प्लसचा चष्मा आहे. तिची मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय.